वीस किलोचं पाऊल

अप्पा, तुला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. सगळ्या बाया तुझ्या तोंडाकडं बघून रडत होत्या आणि मी तुझ्या गुडघ्यांकडं बघत होते. खोटं कशाला सांगू. किती सहज वळले होते ते! तुमच्या लिंगायतांत बसवूनच माती देतात हे मला ठाऊक होतं, तीस वर्षं शेजारी राहिले मी. पण एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मनात आलं, गेलेल्या माणसाची मांडी बसते आणि माझ्या जित्याजागत्या बाईची बसत नाही, हे काय गौडबंगाल? आणि लगेच मनात आलं, अप्पाला विचारलं पाहिजे. बघ, सवय कशी असते. तुझ्याबद्दलचा प्रश्न मी तुलाच विचारायला निघाले होते.

त्याला आता सव्वा महिना झाला. मध्ये एकदा तुझी महानंदा म्हणाली, "अक्का, तुमी वहीत काय काय लिव्हता, मग ह्यांच्यावर लिव्हा की." मी म्हटलं, मापाड्यावर मोजून-मापून लिहावं लागतं बाई, मी सातवी शिकलेली, बोलते तसं लिहिते. पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण तिला मी परवा सांगितलं. तुलाही आता सांगणार आहे. पण दम धर, ओळीनं सांगते. मला मधूनच सुरुवात करता येत नाही, तुला माहितीय.

लातूरच्या मार्केट यार्डात तू काट्यावर होतास आणि मी चाळणीवर. शेतकऱ्याचा माल आडतीत उतरला की आम्ही बाया चाळायचो, तू मोजायचास. तुझी एक गंमत मला पहिल्या दिवसापासून वाटायची. रोज सकाळी पहिलं पोतं चढवायच्या आधी तू सरकारी शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवायचास, आकडा बघायचास, मान हलवायचास, मगच लोकांच्या मालाला हात लावायचास. मी एकदा विचारलं होतं, "काल तर बरोबर होता की काटा. रातीतून काय होतंय त्याला?" तू म्हणालास, "रातीतून माणसाला ताप येतो अक्का. काट्याला येत न्हाई कशावरनं?"

आणि तुझा हात! पिशवी नुसती उचलून सांगायचास, तीन किलो नि वर दोनशे. बाया मुद्दाम भाजीच्या पिशव्या आणून तुझी परीक्षा घ्यायच्या. मी तर एकदा पिशवीत भाजीखाली दगड घालून आणला होता. तू पिशवी उचललीस, परत दिलीस आणि म्हणालास, "भाजी सव्वा किलो. बाकीचं तुला ठाऊक."

त्याच यार्डात मी पडले. सोयाबीनचा हंगाम, फरशीवर दाणे सांडलेले. सोयाबीनच्या दाण्यावर पाय पडला की काय होतं ते यार्डातल्या माणसाला सांगायला नको. पाय पुढं गेला, मी मागं राहिले आणि गुडघा मधल्या मधे पिळवटला. नांदेडला सविताकडं गेले, माझी लेक विष्णुपुरीला असते, तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हाडाच्या टोकावर गुळगुळीत अस्तर असतं, त्याला कुर्चा म्हणतात. तुमचं बाकी सगळं ठीक आहे. एका जागी मात्र नाण्याएवढा टवका उडालाय. वय तसं जास्त आहे, पण करून बघू." करायचं काय, तर तिथं हाडाला बारीक बारीक भोकं पाडायची, आतलं रक्त वर येऊ द्यायचं आणि त्यातून नवं अस्तर धरायची वाट बघायची.

मला तर लई नवल वाटलं. मी विचारलं, "रक्ताला कसं कळतं साहेब, की इथं आपल्याला काय व्हायचंय ते?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "तुम्ही भार कसा टाकता त्यावरनं कळतं. अजिबात टाकला नाही तर नीट धरत नाही. जास्त टाकला तर टिकत नाही."

हे तुला सांगितलं तेव्हा तू खाली बसलास. तुला ते अस्तर काय असतं तेच कळेना. मी म्हटलं, मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरं चकचकीत असतं बघ, तेच. तू कानावर हात ठेवलेस. "शिव शिव शिव! अक्का, मला काय ठाऊक नळी न् बिळी!" दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सकाळी दारात हजर. "बैलगाडीच्या कण्याला वंगणाची चिंधी घालत्यात, तसलं काय तरी हाय म्हण की." रात्रभर तू माझ्या गुडघ्याचा विचार केलेला दिसत होता. मला त्याचं हसू आलं आणि बरंही वाटलं. नवरा गेल्यापासून माझ्या दुखण्याचा रात्रभर विचार करणारं कोणी नव्हतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर सविताचं म्हणणं होतं, आई, आता इथंच राहा. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. माणसं चांगली, पण दार लावलं की कोण मेलं कोण जगलं कळत नाही. मी लातूरला परत आले ते भांडूनच. सविता म्हणाली, "एकदा जरी काही बिघडलं ना आई, तर मी येऊन तुला घेऊन जाईन, घराला कुलूप लावीन." हे वाक्य लक्षात ठेव अप्पा.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, पहिले काही दिवस पायावर दहाच किलो भार, मग वीस, मग हळूहळू वाढवायचा. दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? तर वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवायचा, शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय, हातात वॉकर, आणि आकडा येईल एवढंच दाबायचं. तो दाब पायाला पाठ झाला की तेवढाच टाकत चालायचं. हे ऐकून तुझा चेहरा असा काही खुलला की जणू तुझ्यासाठीच ते शास्त्र निघालं होतं.

सवितानं पाठवलेला काटा तू हातात घेतलास, उलटा केलास, नाक मुरडलंस. मग यार्डातनं शिक्क्याची वजनं घेऊन आलास. "हा किलोभर हलका दाखवून राहिलाय," म्हणालास, आणि काचेवर खडूनं रेघ मारलीस. यार्डात जायच्या आधी, सात वाजता, रोज. महानंदा चहा घेऊन यायची आणि तू जमिनीला गाल लावून आकडा बघायचास. "अजून... अजून... बास! थांब! त्याच्यावर एक दाणा नको."

मग चालणं. तू पावलं मोजायचास ते धान्य मोजल्यासारखं. एक म्हणायचंच नाही. "लाभ, दोन, तीन, चार..." युसुफभाई, तुझ्या जोडीचा मापाडी, तो एकाऐवजी 'बरकत' म्हणतो. तुमच्या दोघांच्या काट्यांवर एक हा आकडा मी कधी ऐकलाच नाही. मी म्हटलं, "अरे, पाय ओढत चालतेय मी, यात कसला आलाय लाभ?" तू म्हणालास, "पहिलं पाऊल पडलं का न्हाई? मग!"

त्या दिवसांत आपण काय काय शिकलो रे. साठीला आले, पण चालताना आधी टाच पडते, मग तळवा लोळतो आणि शेवटी अंगठा जमीन सोडतो, हे मला ठाऊकच नव्हतं. कुणी शिकवलं होतं आपल्याला लहानपणी? तुलाही तो नादच लागला. संध्याकाळी ओट्यावर बसून आपण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचो. हमाल माणूस रिकामा चालतानाही पाठीवर पोतं असल्यासारखा गुडघा वाकवून, चवड्यावर चालतो, हे तूच दाखवलंस. आणि तो गल्लीतला जाडा आडत्या, पाय फेकत चालायचा, त्याला बघून तू म्हणालास, "ह्याचा डावा पाय उजव्याला उधार मागून राहिलाय." मी इतकी हसले की महानंदा बाहेर आली, काय झालं म्हणून.

आता इथून पुढचं तुला माहीत नाही. की माहीत होतं? तेच तर मला कळत नाही.

वीस किलोचा आठवडा चालू होता. दुपारची वेळ. तू यार्डात, महानंदा तिच्या घरात झोपलेली. मी पलंगावर बसले होते आणि वॉकर समोर. मनात आलं, आत काय झालं असंल? धरलं असंल का ते अस्तर? दुखत तर नाही. जरा बघू तरी. अप्पा, पोटच्या पोरीची शप्पथ, यात दुसरं काही नव्हतं. भाकरी भाजली का ते उलथून बघतो ना आपण, तसं. मी वॉकर बाजूला सरकवला आणि उभी राहिले. दोन पावलं टाकली. काही झालं नाही! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी ओटा उतरले. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त कळतं, हे मला तिथं समजलं, आणि मी तेही परत परत करून बघितलं, खरंच तसं आहे का म्हणून. पाच दुपारी. पूर्ण भारानं. आणि सकाळी सात वाजता तुझ्यासमोर शहाण्या मुलीसारखी वीस किलो.

सहाव्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला.

तू आणि मी बसनं नांदेडला गेलो. सविता दवाखान्यात आली, तोंड असं करून. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला. "मावशी, आत पाणी झालंय. यावर फार भार पडलाय. किती टाकत होता?"

"वीस," मी म्हटलं.

"कोण मोजत होतं?"

"मीच, साहेब," तू म्हणालास. टोपी हातात घेऊन उभा होतास.

"मग मोजण्यात काहीतरी चूक झाली, काका."

मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा म्हणणार, उभा जन्म काट्यावर गेला साहेब, माझं माप चुकत नसतंय. तू तसं काही म्हणाला नाहीस. तू फरशीकडं बघितलंस आणि म्हणालास, "चुकलं असंल साहेब. वय झालं."

त्या वेळी शब्द माझ्या ओठावर होता. पण सविता शेजारी उभी होती आणि मला तिसरा मजला दिसला, कुलूप दिसलं. मी गप्प बसले. डॉक्टरांनी पाणी काढलं, म्हणाले, नशीब, नवं धरलेलं टिकलंय, आता पुन्हा दहापासून सुरू करा. सविता तुला म्हणाली, "अप्पामामा, तुमच्या भरवशावर सोडलं होतं." तरीही मी गप्प.

परत येताना अहमदपूरला बस थांबली तेव्हा तू इतका वेळ धरून ठेवलेलं विचारलंस. "अक्का, पाय ठिवताना कधी अंगठ्यावर जोर जायचा का? मी टाचेवरनं बघायचो, माझी नजर तिथं फसली का काय?"

मी म्हटलं, "काय की बाबा."

त्या संध्याकाळी तू तीन वेगवेगळी वजनं आणलीस. माझ्यासमोर एकेक करून काट्यावर ठेवलीस. काटा खडूच्या रेघेला बरोबर. तू तो भिंतीला उभा केलास आणि म्हणालास, "काटा बरोबर हाय. मग मीच."

दुसऱ्या दिवसापासून तू मला दोनदा मोजायला लागलास. मी म्हटलं, एकदा पुरे रे. तू ऐकलं नाहीस. मग कळलं की यार्डातही तू प्रत्येक पोतं दोनदा चढवून राहिलास. उतरवायचं, परत चढवायचं. आडते चिडायचे, हमाल कुरकुरायचे. कुणीतरी तुला म्हणालं, "अप्पा, पयल्यांदा मोजलेलं पोतं दुसऱ्यांदा पिल्लं देतंय का?" तू हसलास म्हणे. त्याच वर्षी तू काटा सोडलास. डोळे शिणले म्हणालास. मोतीबिंदू होता खरा, महानंदा सांगते. मग तू डोळ्यांमुळं सोडलास की माझ्यामुळं? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असंल. दोन्ही मिळून, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, असं वाटून घेणं सोयीचंच आहे की.

मी मात्र बरी झाले. तुझ्या दोनदा मोजण्यानंच बरी झाले, हे मान्य केलं पाहिजे. वॉकर सुटला, मग काठी आली, मग काठीही दारामागं गेली. मांडी बसत नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत, मग महादेवाच्या देवळापर्यंत, मग भाजी बाजारापर्यंत जाऊ लागले. फक्त यार्डात पुन्हा कधी गेले नाही. तू म्हणायचास, "चल की अक्का, पंधरा मिन्टाची वाट हाय, गुडघ्याला काय होत न्हाई." मी म्हणायचे, नको बाबा, जपलेलं बरं. गुडघ्याचं निमित्त होतं. तुझा काटा तिथं होता आणि मला तो बघायचा नव्हता.

सांगायचं होतं तुला. दर संक्रांतीला तिळगूळ देताना वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता दोन वर्षं झाली, आता कशाला. आणि एका सकाळी चहा पिता पिता तू छातीवर हात ठेवलास आणि सगळंच संपलं. आजारी पडला असतास तर उशाशी बसून सांगितलं असतं. तू तेवढी फुरसतही दिली नाहीस. याचा मला रागही येतो, खरं सांगते.

परवा महानंदाला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या अक्का, त्यांना कळलं होतं सगळं, ते मनात ठेवत नव्हते. असं म्हणावं असं मला फार वाटत होतं. मी विचारलंसुद्धा, "त्याला कळलं असंल का गं?"

ती म्हणाली, "न्हाई. कळलं असतं तर ते रातच्याला उठून हाताचं माप घेत बसले नसते. डब्यात डाळ घ्यायचे, हातानं अंदाज करायचे, मग काट्यावर टाकून बगायचे. लई दिस चाललं ते." मग परत शेंगा फोडायला लागली. वर न बघता म्हणाली, "मला सांगून काय करू मी? जिथं त्यांच्या दोनदा मोजण्याला हसले, तिथं यार्डात जाऊन सांगा."

काल सकाळी गेले. चालत. हो, पंधरा मिनिटं नाही लागत, मला पंचवीस लागली. टाच, तळवा, अंगठा. वाटेत दोनदा थांबले, ते गुडघ्यासाठी नाही, धीर गोळा करायला. यार्डात तुरीची आवक होती, सगळीकडं धूळ. तुझ्या काट्यावर युसुफभाई होता.

"अरे अक्का! पैदल? रिक्षा कुठंय?"

"रिक्षा नाही. काटा थांबव जरा, बोलायचंय."

त्यानं पोतं तसंच ठेवलं. चार-सहा हमाल होते, दोन शेतकरी, आणि तो पाय फेकत चालणारा आडत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाच दुपारी मी चोरून चालले. डॉक्टरसमोर अप्पावर आळ आला आणि मी तोंड उघडलं नाही. त्याचं माप चुकलं नव्हतं, एका दाण्यानंही चुकलं नव्हतं.

युसुफभाईनं गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. "मग हे दोनदा मोजणं..."

"माझ्यामुळं."

"अक्का," तो म्हणाला, "आता आमी सगळे दोनदा मोजतो. अप्पानं सुरू केलं, मग शेतकरी म्हणायला लागले, आमचंबी दोनदा मोजा. आता लांबलांबनं माणसं ह्याच काट्यावर माल आणतात. पूछो इन्हे."

त्यातला एक शेतकरी मान हलवून हो म्हणाला. निलंग्याकडचा असावा. तुझ्याच गावाकडचा.

आडत्यानं नरड्यातल्या नरड्यात आवाज केला. मग मला म्हणाला, "बाई, अप्पाला पिल्लं देतंय का म्हणलेला माणूस मीच." आणि आत निघून गेला. का गेला, हे मी विचारलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की मला काही विचारावंसं वाटलं नाही.

युसुफभाई म्हणाला, "सगळ्यांना सांगतो, अप्पाचं माप बराबर होतं. पण दोनदा मोजणं बंद नाही करणार हां मी."

"नको करूस," मी म्हटलं.

परत चालतच आले. गुडघा थोडा गरम झालाय, रात्री शेकला. सविताला फोन करून सांगितलं, ती आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, "आई, मी मामाला काय बोलले गं." कुलपाचं काही बोलली नाही. महानंदाला सांगितलं. डॉक्टरांनाही पुढच्या वेळी सांगणार आहे, त्यांच्या कागदावर काय लिहिलं असंल कोण जाणे.

म्हणजे आता यार्डाला माहीत आहे, गल्लीला माहीत आहे, नांदेडला माहीत आहे, की तुझं माप बरोबर होतं. माहीत नसलेला एकटा तूच राहिलास, अप्पा.